तीन नंबरचे सहा बोल्ट

नऊ मार्च, सोमवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. बचाव पथकाच्या शेडमध्ये तीन वॉटर स्कूटर उभ्या होत्या आणि त्यांपैकी दोनच धड होत्या. तिसरी, जिच्या कडेवर लाल रंगात तीनचा आकडा रंगवला होता, ती आदल्या संध्याकाळी किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर दमेकऱ्यासारखी अडखळली होती. पूर्ण वेगात तिच्या इंजिनाने मिनिटाला सात हजार दोनशेच्या आसपास फेरे घ्यायला हवेत. आकडा चोपन्नशेच्या पुढे जायला तयार नव्हता. चालवणारी मुलगी यंत्र कसेबसे धक्क्याला घेऊन आली होती आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबत म्हणाली होती, "डोकं नुसतं ठणकतंय. पुन्हा तोच धूर."

तिचे वडील त्या वेळी पाण्याचा पाइप हातात धरून उभे होते. एकतीस वर्षे तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये निदेशक म्हणून काढून ते निवृत्त झाले होते. विद्यार्थी त्यांना तोंडावर 'सर' आणि पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत. हे पाठीमागचे नाव त्यांना ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. मुलगी पथकात लागल्यापासून तीन नंबरची सगळी देखभाल तेच करीत. संध्याकाळी गस्त संपवून ती धक्क्याला लागली की मनगटाची सुरक्षादोरी, जी ओढली जाताच इंजिन बंद पडते, ती सोडवून लांबूनच त्यांच्याकडे फेकी आणि ओरडे, "बाबा, झेला!" ते एका हाताने झेलत. दिवसभरात त्यांना दुसरे काही मिळाले नाही तरी चालत असे.

डिसेंबरात तिचे लग्न झाले, पथकाच्याच मेकॅनिकशी. जानेवारीपासून दोरी दुसरीकडे जाऊ लागली.

जावई वाईट नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. रीतसर शिकलेला, कामात चपळ, सदा हसतमुख. काम करताना शिट्टी वाजवायचा, म्हणून सगळे पथक त्याला 'शिट्टी' म्हणे. सासऱ्याला त्याने पहिल्या दिवसापासून 'बाबा' म्हणायला सुरुवात केली होती. म्हणू का, असे विचारलेही नव्हते. उलट हे त्याला काटेकोरपणे 'जावईबापू' म्हणत आणि 'अहो-जाहो' करीत. एखाद्याला हाताच्या अंतरावर ठेवायचे असेल तर मान देण्यासारखे साधन नाही.

"जावईबापू," सोमवारी सकाळी ते म्हणाले, "एक्झॉस्ट तुम्हीच बघितलं होतं ना?"

"हो बाबा. महिना झाला. रबरी जोडनळी उष्णतेनं कडक होऊन चिरली होती. ती बदलली, दोन्ही क्लॅम्प नवे घातले, मॅनिफोल्डचं गॅस्केटही नवं टाकलं." जावयाने सीट उचलून आत टॉर्च मारला. "जोडनळी तर ठणठणीत दिसते."

"दिसते," सासरे म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी जेवढे बसवता येईल तेवढे बसवले होते.

या यंत्राचे एक वैशिष्ट्य आहे. इंजिन बंदिस्त पोटात बसलेले असते आणि श्वासासाठी त्याच पोटातली हवा ओढते. जळका वायू आधी इंजिनाला बोल्टांनी जोडलेल्या मॅनिफोल्डमध्ये गोळा होतो, त्या सांध्यातली फट गॅस्केटची पातळ चकती बुजवते, आणि तिथून तो जोडनळीने बाहेर जातो. एक्झॉस्टचा सांधा कुठे फुटला तर बाहेर जायला हवा तो जळका वायू पोटातच साचतो, इंजिन आपलाच धूर पुन्हा गिळते आणि गुदमरते. सीटच्या फटीतून तो वर आला तर चालवणाऱ्यालाही चढतो. त्याला नेहमीच वास येतो असे नाही. म्हणून गळती लहान की मोठी हा प्रश्न इथे गैरलागू असतो. गळती आहे की नाही, एवढेच विचारायचे असते.

पथकप्रमुखांना हे पक्के माहीत होते. बाई पूर्वी मालवाहू जहाजावर होत्या आणि वाक्ये मोजून खर्च करीत. शेडच्या दारातूनच त्या म्हणाल्या, "शनिवारी सकाळी आठला चाचणी. आकडा सात हजारांवर गेला तर यंत्र पाण्यात. नाही गेला तर यंत्र गोदामात आणि ही हंगामभर मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन."

"मॅडम, दुसरं यंत्र..." मुलीने सुरुवात केली.

"एक नि दोनवर माणसं आहेत. तुझं तीन आहे." बाई निघून गेल्या.

मुलीने वडिलांकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. मग ती नवऱ्याला म्हणाली, "होईल ना रे शनिवारपर्यंत?"

वडिलांनी हातातला पाइप गुंडाळायला घेतला. तो आधीच गुंडाळलेला होता. त्यांनी तो सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

*

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळी हकीकत क्रमवार सांगितली. ती चादरींच्या घड्या घालत होती. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "म्हणजे यंत्राला धूर झालाय आणि जळतंय तुमचं."

"मी तांत्रिक गोष्ट सांगतोय."

"मीही तांत्रिकच सांगतेय. हे टोक धरा." त्यांनी चादरीचे टोक धरले. "पोरगी नवऱ्याला विचारते, तुम्हाला विचारत नाही. हेच ना?"

"त्यानं घाईत काम केलं असणार. कामावर शिट्टी वाजवणाऱ्या माणसाचं लक्ष निम्मं शिट्टीत असतं."

"त्याच्या शिट्टीनं तुमचं काय जातं?"

"सुरात नसते."

"सुरात असती तर जास्त जळला असतात," ती म्हणाली आणि घडी त्यांच्या हातात देऊन आत गेली.

घडी त्यांनी कपाटात ठेवली. मनात एक यादी होती आणि ती रोज वाढत होती. मुलीने पाण्याची बाटली आधी नवऱ्याला दिली. मुलीने वडिलांचा विनोद नवऱ्याला सांगितला आणि तो नवऱ्याचा झाला. आणि ती पिवळी रेघ! बोल्ट नेमक्या ताकदीने आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. बोल्ट जागचा हलला की रेघ तुटते आणि नजरेलाच कळते. ही रीत त्यांनी तंत्रशाळेत शेकडो मुलांना शिकवली होती, मुलीलाही ती दहा वर्षांची असताना शिकवली होती. ते पांढरा रंग वापरीत. जावयाने ती रीत मुलीकडून उचलली आणि पिवळा वापरू लागला. तेव्हा मुलगी म्हणाली होती, "बघा बाबा, पिवळी किती ठसठशीत दिसते!" रीत आमची, रंग त्याचा आणि कौतुकही त्याचेच.

या यादीत एक नोंद मात्र नव्हती. ती त्यांनी स्वतःपासूनही बाजूला ठेवली होती.

लग्नानंतर तीन नंबरची सगळी कामे जावयाकडे गेली होती, पण संध्याकाळची धुलाई त्यांच्याकडे राहिली होती. खाऱ्या पाण्यातून आलेल्या यंत्राच्या नळ्यांतून गोडे पाणी फिरवायचे, नाहीतर मीठ आणि वाळू साचून एक्झॉस्टला थंड करणारे मार्ग तुंबतात, सांधे तापतात, रबर करपते. गळती टाळण्याचा अर्धा उपाय या धुलाईत आहे. तिचा क्रमही ठरलेला: आधी इंजिन सुरू, मग पाणी, थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटे केले तर पाणी एक्झॉस्टमधून मागे इंजिनात शिरते. हा क्रम त्यांच्याकडून कधी चुकला नाही. धुलाईनंतर सीट उघडी ठेवून ते पोट वाळू देत. मुलगी कपडे बदलायला गेलेली असे, जावई हत्यारे आवरीत असे.

अशा वेळी, महिन्यापूर्वीच्या एका संध्याकाळी, मॅनिफोल्डवरच्या त्या सहा पिवळ्या रेघा त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी खिशातला आखूड पाना काढला, पहिल्या बोल्टला लावला आणि केसभर आवळला. ताकद मोजणारा, ती पुरेशी झाली की खटकन वाजणारा टॉर्क पाना पेटीत होता. पेटी जावयाच्या टेबलावर होती. ती मागायची म्हणजे कशासाठी ते सांगायचे. इंजिन गरम होते, आणि गरम इंजिनाचा बोल्ट आवळू नये हे त्यांनीच फळ्यावर लिहून लिहून खडू संपवले होते. तरीही त्यांनी उरलेले पाच बोल्टही केसभर आवळले. सुरक्षिततेसाठी, असे त्यांनी स्वतःला सांगितले. खरे एवढेच होते, की तिच्या यंत्रावरचा शेवटचा हात आपला असावा.

त्या रात्री त्यांना छान झोप लागली होती. मग आठवड्यातून दोन-तीनदा केसभर, केसभर.

*

मंगळवार गेला आणि बुधवारही. जावयाने जोडनळी काढून पुन्हा बसवली, सायलेन्सरची टाकी तपासली, हवेचा मार्ग साफ केला. आकडा पंचावन्नशेवर जाऊन अडकला. शिट्टी बंद झाली होती. एरवी सासऱ्यांना ही शांतता गोड लागली असती. पण बुधवारी दुपारी चाचणीवरून परतलेली मुलगी धक्क्याच्या कठड्याला धरून वाकली आणि पाण्यात ओकली. तिला सावरायला दोघेही धावले. जावई आधी पोचला. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि वडील दोन पावलांवर तिचे हेल्मेट धरून उभे राहिले.

"डॉक्टरकडे चल आधी," जावई म्हणाला.

"डॉक्टर सांगेल धूर खाऊ नकोस. ते मलाही कळतं," ती तोंड पुसत म्हणाली. "उद्या सकाळी यंत्र माझ्यासमोर उघडायचं. दोघांनी. आजवर हा सकाळी बघतो, तुम्ही संध्याकाळी बघता, आणि मी मधे बसून धूर खाते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी गत झालीय माझी."

"मी कुठे बघतो? मी फक्त धुतो," वडील म्हणाले. ते फारच लवकर म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरने तिला तपासले, दोन दिवस मोकळ्या हवेत राहायला सांगितले आणि यंत्र दुरुस्त होईपर्यंत त्यावर बसायची बंदी घातली. घरी वडील जेवायला बसले खरे, पण घास फिरत राहिला. "काय झालं?" बायकोने विचारले. "काही नाही," ते म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने हे उत्तर एकदाही खरे मानले नव्हते, पण त्या दिवशी तिने चेष्टा केली नाही.

गुरुवारी सकाळी तिघेही शेडमध्ये होते. मुलगी एका उलट्या बादलीवर बसली होती आणि आज्ञा करीत होती. एक्झॉस्टचे बाहेरचे तोंड रबरी बुचाने बंद केले. दुसऱ्या बाजूने जावयाने पंपाने अगदी हलका हवेचा दाब दिला. वडिलांनी दाढीच्या ब्रशने सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावले. जोडनळी कोरडी शांत राहिली. क्लॅम्प शांत. टाकी शांत. मग ब्रश मॅनिफोल्डच्या सांध्यावर आला आणि दुसऱ्या व तिसऱ्या बोल्टच्या मधे बुडबुडे फुलू लागले. एक फुटला की दुसरा. सांध्याखाली काजळीचा बारीक ओघळ होता. या तिरप्या जागेत तो आरसा धरला तेव्हाच दिसला.

"गॅस्केट," जावई म्हणाला. "पण ते महिन्यापूर्वीच टाकलंय! आणि बोल्ट मी सारखे बघतोय. सैल होत होते, म्हणून तर चार वेळा..." तो थांबला.

"सैल होत होते?" मुलगी बादलीवरून उठली.

"रेघ तुटायची ना. दर काही दिवसांनी बघावं तर रेघ सरकलेली. मग मी जरा आवळून नवी रेघ ओढायचो. म्हटलं, हादऱ्यानं ढिले पडतायत."

"टॉर्क पान्यानं?"

"पहिल्यांदा. नंतर तो खटकन वाजायचा पण बोल्ट हलायचा नाही. आणि रेघ तर तुटलेली. म्हटलं पानाच बिघडला असेल. मग हातानं." जावयाने कान खाजवला. "थोडंसंच."

मुलीने टॉर्च घेतला आणि आत डोके घातले. एकेक बोल्ट तिने न्याहाळून पाहिला. मग आतूनच तिचा आवाज आला, पिंपातून यावा तसा. "जुन्या रेघा पुसल्या का नाहीस?"

"राहिलं."

"बरं झालं राहिलं." ती बाहेर आली. तिच्या नाकाला काजळी लागली होती. "प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर चार-चार जुन्या रेघा आहेत, पंख्यासारख्या पसरलेल्या. आणि बाबा, सगळ्या उजवीकडे सरकल्यात. तुम्हीच शिकवलंत ना मला, बोल्ट सैल पडतो तो डावीकडे फिरतो? मग हे उजवीकडे कसे सैल पडले?"

 बाहेर धक्क्याला बांधलेल्या दोन नंबरचा दोर करकरत होता.

मोजपट्टीला हिशेब क्षणात उलगडला. आपण केसभर आवळायचो, रेघ तुटायची. जावई तुटलेली रेघ बघून बोल्ट ढिला समजायचा आणि आणखी आवळायचा. नवी रेघ ओढायचा. ती नवी रेघ आपल्याला दिसायची, डोळ्यांत खुपायची, आणि आपण पुन्हा केसभर. महिनाभर दोन माणसांनी एकमेकांना न सांगता त्याच सहा बोल्टांची मान पिळली होती. बोल्ट ताणले गेले, मधला धातू वाकला, गॅस्केट चिरडले. त्यातून निघालेला वायू काल तिने ओकून टाकला होता.

आणि हेही त्यांना तेवढेच स्पष्ट दिसले, की रेघा सगळ्या पिवळ्या आहेत. पांढरी एकही नाही. आखूड पाना खिशात आहे. गप्प राहिले तर गोष्ट इथेच मिटते, आणि जी मिटेल ती आपल्या मनासारखी. महिनाभर ज्याची वाट पाहिली ते आयते ताटात वाढून आले होते.

जावई सासऱ्यांकडे बघत होता. त्याला कळले होते की नाही, हे त्यांना पुढेही कधी नीट ठरवता आले नाही. तो फक्त म्हणाला, "माझंच चुकलं. दिशा बघायला हवी होती. मीच सगळे आवळले असणार, लक्षात राहिलं नसेल."

मुलीचा चेहरा लगेच मवाळ झाला. "अरे, असू दे. होतं असं," असे ती म्हणणार होती, ओठ तसे हलू लागले होते.

हे मात्र वडिलांना सहन झाले नाही. दोरी त्याची, रेघ त्याची, शिट्टी त्याची. आता चूकही त्याचीच? आणि ती स्वतःवर घेण्याचा मोठेपणाही त्याचाच? आपण केलेल्या गोष्टीबद्दल हिने याला क्षमा करायची आणि आपण बाजूला ब्रश धरून उभे राहायचे?

"तुमचं नाही, जावईबापू," ते म्हणाले. आवाज चढला होता. "तुम्ही चारदा आवळलेत. मी दहा-बारा वेळा आवळलेत. हिशेबात राहा."

"बाबा?"

त्यांनी खिशातून पाना काढून बादलीच्या बुडावर ठेवला. तो टण्णकन वाजला. "यानं. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. धुलाई झाल्यावर. इंजिन गरम असताना."

"गरम असताना?" या एका तपशिलाने मुलीला सर्वांत मोठा धक्का बसलेला दिसला. "तुम्ही?"

"मी."

"पण का?"

फळ्यासमोर उभे राहून कोणत्याही प्रश्नाला तीन भागांत उत्तर देणारा हा माणूस हातातला ब्रश उलटसुलट करू लागला. "दोरी," शेवटी ते म्हणाले. "तू हल्ली दोरी तिकडे फेकतेस."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती हसेल असे जावयाला वाटले, आणि रडेल असे वडिलांना वाटले. तिने दोन्ही केले नाही. ती भडकली. "म्हणजे एका दोरीपायी तुम्ही मला धूर पाजलात? आणि तू! पाना खोटं बोलतो आणि तू खरं बोलतोस, असं वाटलं तुला? विचारायला काय झालं होतं बाबांना?"

"मी विचारलं असतं," जावई हळूच म्हणाला, "पण बाबा 'जावईबापू' म्हणाले की माझी बोबडीच वळते."

यावर मात्र तिला हसू आलेच, आणि ते दाबण्यासाठी तिने दोघांकडे पाठ केली.

*

उरलेल्या दीड दिवसाच्या कामाची वाटणी तिने केली. जावयाने नवे बोल्ट आणि नवे गॅस्केट आणायचे. जुने ताणलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, कितीही बरे दिसले तरी. वडिलांनी मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सपाट करायचा. आणि बोल्टना यापुढे एकच हात लागेल.

"कोणाचा?" दोघांनी एकदमच विचारले.

"माझा. यंत्रावर बसते कोण?"

वडिलांनी उतरवलेल्या मॅनिफोल्डवर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि खालच्या फटीत मापाची पाती सरकवून पाहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोल्टच्या मधे तीन दशांश मिलिमीटरची पाती आरामात आत गेली. इंजिनाकडची बाजूही त्यांनी तशीच तपासली. ती सुदैवाने सरळ होती. मग टेबलावर जाड काच ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला, थोडे पाणी शिंपडले आणि मॅनिफोल्ड त्यावर घासायला सुरुवात केली. आठच्या आकड्यात, दाब न देता. हे काम जोराने होत नाही. जोर केला की एक कड जास्त झिजते.

दुपारी हात भरून आले तेव्हा जावई समोर येऊन उभा राहिला. "मी घासू का थोडं?"

त्यांनी आणखी दोन आठ घासले. मग बाजूला सरकले. जावई घासू लागला. मोजपट्टीने अर्धा मिनिट सहन केले आणि म्हणाले, "मनगट नाही, खांदा. हां."

काही वेळाने जावयाने खाली बघतच विचारले, "बाबा, तुमची रेघ पांढरी का असायची?"

"काजळीवर दिसते."

"पिवळी पण दिसते."

"दिसते," ते म्हणाले. थोडे थांबून, नाइलाजाने, त्यांनी उरलेलेही सांगितले. "ठसठशीत दिसते."

जावयाने शिट्टी सुरू केली आणि लगेच थांबवली.

"वाजवा," सासरे म्हणाले. "फक्त दुसरी ओळ चढी आहे. तुम्ही ती पाडता."

शुक्रवारी सकाळी पाती कुठेच शिरेना. मुलीने गॅस्केट बसवले, सहाही बोल्ट आधी बोटांनी फिरवले आणि टॉर्क पाना हातात घेतला. दोघे पुरुष हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मधल्या जोडीपासून सुरुवात करून बाहेरच्या जोड्यांकडे, आधी एक तृतीयांश ताकदीने, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. पाना प्रत्येक वेळी खट् म्हणाला आणि प्रत्येक वेळी तिने तिथेच हात थांबवला. पाण्याचा पाइप जोडून इंजिन काही मिनिटे चालवले, मग दुपारपर्यंत पूर्ण निवू दिले, कारण नवे गॅस्केट पहिल्या तापानंतर थोडे दबते आणि थंड झाल्यावर एकदा, फक्त एकदा, पुन्हा तपासावे लागते. तिने तपासले. मग कपाटातून रंगाची डबी काढली.

लाल होती.

"लाल गंजासारखी दिसेल," वडील म्हणाले.

"काजळीत उठून नाही दिसणार," जावई म्हणाला.

"बघा बाई, झालं तुमचं एकमत!" ती म्हणाली आणि सहा लाल रेघा ओढल्या. लग्न झाल्यापासून त्या दोघांनी एकमेकांकडे समदुःखी नजरेने पाहण्याची ती पहिली वेळ होती. साबणाच्या पाण्याला त्या दिवशी एकही बुडबुडा आला नाही.

शनिवारी बरोबर आठला पथकप्रमुख धक्क्यावर आल्या. त्यांच्या हातात दुर्बीण होती. ती चाचणी बघण्यासाठी आणली होती की नंतर मुलीच्या हातात देण्यासाठी, ते कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरचे दोन दिवस संपले होते. मुलगी निघाली. आधी संथ, खुणेच्या तरंगत्या पिंपापर्यंत. मग तिने वेग वाढवला आणि मागे पाण्याची पांढरी कमान उठली. आवाज एकसारखा, भरीव, कुठे अडखळ नाही. वडिलांनी डोळे मिटून तो ऐकला. आयुष्यभर त्यांनी इंजिने अशीच तपासली होती. शेजारी जावईही डोळे मिटून उभा होता. त्यांनी एक डोळा किंचित उघडून ते पाहिले, आणि ही लकबही त्याने उचललीच, असे त्यांच्या मनात आलेच.

ती परत आली, धक्क्याला लागली, मनगटाची दोरी सोडवली. दोघांचेही हात नकळत पुढे झाले. मुलीने आधी एका हाताकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे, आणि दोरी स्वतःच्या खिशात घातली.

"डोकं?" वडिलांनी विचारले.

"दुखत नाही."

"आकडा?" पथकप्रमुखांनी विचारले.

"सात हजार दोनशे चाळीस."